भुऱ्याची पहिली पोळी

बडकस चौकाकडून आमच्या गल्लीत वळलं की आधी भुऱ्या दिसायचा, मग घर. गावठी कुत्रा, मातकट रंगाचा, एक कान कायम दुमडलेला. पोळपाटावर लाटण्याचा आवाज झाला की ओसरीवरून उठायचा आणि पहिली पोळी घ्यायला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहायचा. आत पाऊल मात्र टाकायचा नाही. तेरा वर्षांत एकदाही नाही.

चौदाव्या वर्षी तो पाणी फार पिऊ लागला. नागपूरचा मे महिना. तहान कोणाला लागत नाही? पण पावसाळा लागला तरी त्याची बादली रिकामी होतच राहिली. मग पोळी सुटू लागली. जवळ यायचा, हुंगायचा, ओठ चाटायचा आणि मान फिरवायचा. "काहून खात नाही रे बाप्पा?" आई विचारायची. म्हातारपणाचे नखरे, असंच आम्ही धरून चाललो. पोळीला तूप लावलं, दूध-भात केला, शेवटी मटण आणलं. ते त्याने एक दिवस खाल्लं आणि रात्री सगळं ओकून टाकलं.

सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात रक्त तपासलं. क्रिएटिनिन ५.६ निघालं. हा आकडा वाढू लागतो तेव्हाच मूत्रपिंडांचं जवळजवळ पाऊण काम थांबलेलं असतं, म्हणजे आम्ही आधीच खूप उशीर केला होता. डॉक्टर म्हणाले, "भूक आहे हो त्याला. मळमळतंय." मूत्रपिंडं गाळू शकत नाहीत ती घाण रक्तात साचते, उलटीची भावना जागी ठेवते, पोटाच्या अस्तराला त्रास देते, तोंडात फोड आणते. ओठ चाटणं ही मळमळीची खूण होती. आम्हाला वाटायचं, त्याला चव आठवतेय.

मग उलटी थांबवायची गोळी सुरू झाली. दिवसाआड मानेमागे कातडीखाली सलाईन. खिडकीच्या गजाला बाटली टांगायची, पाठीवर पाण्याचा उंचवटा यायचा आणि सावकाश जिरायचा. जेवायला मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा फक्त पांढरा भाग, कारण पिवळ्या बलकात फॉस्फरस जास्त. सगळं कोमट, म्हणजे वास उठतो. पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर ताटली उचलायची, तोंडात कोंबायचं नाही.

आणि औषध जेवणात लपवायचं नाही. मळमळीशी एकदा जोडला गेलेला पदार्थ कुत्रं पुन्हा सहसा तोंडात घेत नाही. डॉक्टरांकडून हे ऐकून आई गप्प झाली. गोळी सुरू झाल्यापासूनच्या पंधरवड्यात ती तिने पोळीतच दिली होती. जन्मभराची त्याची पोळी आमच्याच हातून कडू झाली.

भात तो खायचा, कधी चार घास, कधी दोन. तेवढ्यावर दीड महिना निघाला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतींच्या मिरवणुकीचे ढोल वाजत होते. दरवर्षी त्या आवाजाने तो पलंगाखाली शिरायचा. त्या दिवशी ओसरीवरच पडून होता. आई पोळ्या लाटू लागली. भुऱ्या उठला, भिंतीला घासत उंबऱ्यापर्यंत आला आणि उंबरा ओलांडून पोळपाटाशेजारी आडवा झाला. आईने पोळी पुढे केली नाही. कणीक संपली तरी तिने पुन्हा भिजवली, कारण लाटणं थांबलं की तो मान वर करत होता.