गळा किती मोठा हवा

कार्ब्युरेटर इंजिनात हवा ढकलत नाही. पिस्टन खाली आला की इंजिन स्वतःच हवा ओढतं, लागेल तेवढीच ओढतं, आणि कार्ब्युरेटर त्या हवेच्या मापात पेट्रोल सोडतो. जुन्या फियाटला मोठा कार्ब्युरेटर बसवायला आलेल्या माणसाला मी हे आधी सांगून टाकतो, कारण तोंड मोठं केलं की ताकद वाढते असं धरूनच तो गॅरेजची पायरी चढलेला असतो. कुणी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून उचललेला माल पिशवीत घालून आणतो, कुणी परदेशातून मागवलेला डबल बॅरल वेबर खोक्यासकट टेबलावर मांडतो. “काका, पॉवर किती वाढेल?” मी खोकं बाजूला सरकवतो आणि कागद-पेन्सिल घेतो.

या फियाटचं, म्हणजे पद्मिनीचं, इंजिन १०८९ सीसीचं. ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, चार सिलिंडर. फोर-स्ट्रोक असल्यामुळे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच चारही सिलिंडर भरतात. ५००० आरपीएमला मिनिटाला सुमारे २७०० लिटर हवा झाली, तीही सिलिंडर काठोकाठ भरले तर. ते भरत नाहीत. जुन्या धाटणीचं मॅनिफोल्ड आणि सौम्य कॅम पाहता ऐंशी टक्के भरले तरी मी खूश असतो. म्हणजे मिनिटाला २२०० लिटर, सेकंदाला ३६ धरा. कॅम, व्हॉल्व्ह आणि हेड आहे तसंच ठेवून वर कितीही मोठं भांडं बसवलं, तरी हा आकडा फारसा हलत नाही.

आता या ३६ लिटरना वाट किती द्यायची? पद्मिनीच्या सोलेक्स कार्ब्युरेटरवर ३२ लिहिलेलं असतं आणि बहुतेकजण त्यावरच बोलतात. तो आकडा खालच्या थ्रॉटलच्या भोकाचा. वर आत एक अरुंद बाही बसते, ती व्हेंच्युरी, आणि इंजिनाच्या दृष्टीने कार्ब्युरेटरचं खरं माप तेच. समजा ती २४ मिलिमीटरची आहे. ५००० आरपीएमला तिच्यातून हवा सेकंदाला ८० मीटर वेगाने जाते, म्हणजे ताशी २८० किलोमीटरच्या पुढे. ही गाडी स्वतः ताशी सव्वाशेच्या वर गेलेली मी पाहिलेली नाही. या वेगामुळेच गळ्यात दाब उतरतो आणि नळीतून पेट्रोल वर खेचलं जातं. बाही २८ची केली तर वेग ८०चा साठावर येतो. पण दाबातला फरक वेगाच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे ओढ जवळजवळ निम्मी होते. चार मिलिमीटर नखात मावतात. परिणाम मात्र असा.

हे निम्मेपण वरच्या आरपीएमला जाणवत नाही, कारण तिथे ओढ मुबलक असते. ते उघडं पडतं पुण्यात लक्ष्मी रोडवर, तिसऱ्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमला, पुढची रिक्षा बाजूला होते आणि तुम्ही पॅडल दाबता तेव्हा. २४च्या गळ्यात त्या क्षणी सरासरी ओढ पाण्याच्या उंचीत मोजली तर ३५ मिलिमीटरच्या आसपास असते. २८च्या गळ्यात ती १९वर येते, आणि पेट्रोलची पातळी नळीच्या ओठाच्या काही मिलिमीटर खाली असते, तेवढं आधी चढावं लागतं. एअर फिल्टर काढून, बॅटरीचा झोत आत टाकून हे डोळ्यांनी पाहता येतं. बारीक गळ्यात नळीच्या तोंडाशी धुकं धरतं. मोठ्या गळ्यात तिथे थेंब लोंबतो, सुटतो, थ्रॉटलच्या पत्र्यावर पडतो आणि तसाच ओला मॅनिफोल्डमध्ये उतरतो. गाडी अडखळते, मग एकदम धक्का देऊन उचलते. मालकाला त्या धक्क्यात पॉवर दिसते! अॅक्सिलरेटर पंपाचा फवारा वाढवून हे झाकता येतं, पण मग अॅव्हरेज गेलंच म्हणून समजा.

म्हणून माझा पहिला प्रश्न गाडी कुठे चालते हा असतो. रविवारी सकाळी बायकामुलांसह पानशेत, वर्षातून एकदा महाबळेश्वर, बाकी कोथरूड ते पेठा, असं उत्तर आलं तर मी कंपनीच्या मापाच्या पुढे जायला तयार होत नाही. महाबळेश्वरची उंची १३५० मीटरच्या घरात. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे आठव्या हिश्श्याने विरळ होते आणि पुण्यात बरोबर लावलेलं मिश्रणही जरा जाड होतं. आधीच सुस्त गळा असेल तर वेण्णा लेकच्या पार्किंगमधून निघतानाच प्लग काळे.

कंपनीचं माप खरंच अपुरं आहे का, हे ठरवायला मी व्हॅक्यूम गेज वापरतो. मॅनिफोल्डला नळी जोडायची, गेज डॅशबोर्डवर चिकटवायचं आणि कात्रजच्या जुन्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पॅडल तळाला न्यायचं. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना काटा शून्याजवळ हवा. वरच्या आरपीएमला तो पाऱ्याच्या दोन इंचांच्या पुढे रेंगाळू लागला, तर गळा हवा अडवतोय आणि बाही वाढवायला जागा आहे. स्टॉक इंजिनाच्या पद्मिनीत अशी वेळ क्वचित येते. बहुतेकदा दोष निघतो थ्रॉटलच्या दांडीत. वर्षानुवर्षं फिरून तिची भोकं झिजतात, दांडी बोटाने हलते आणि तिथून फुकटची हवा आत शिरते. स्लो स्थिर राहत नाही, स्क्रू कितीही फिरवा. आपला कार्ब्युरेटर लहान आहे म्हणणाऱ्या कितीतरी जणांना दोन पितळी बुश बसवून मी परत पाठवलं आहे. धंद्याच्या हिशेबाने हा शहाणपणा नव्हे.

दुसरा दोष जेटचा, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकाचा. जेटवरचा आकडा ढोबळमानाने भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत: १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. पण कधीतरी कुणीतरी त्यात तार घालून कचरा काढलेला असतो, आणि मग लिहिलंय १२० पण आत काय आहे ते देव जाणे. बाजारातून आणलेला जुना कार्ब्युरेटर मी त्याचे जेट फेकूनच द्यायचे असं धरून विकत घेतो. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, याला साडेतेरा पट पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल आठ-नऊ टक्के जास्त सोडायला हवं. १२०च्या जागी १२५ घातला की भोकाचं क्षेत्रफळ साधारण तेवढंच वाढतं. गाडी उष्ण चालते, ओढत नाही म्हणून लोक मोठा कार्ब्युरेटर मागतात, तेव्हा पुष्कळदा एवढ्यावर भागतं. जुने रबरी पाइप मात्र त्याच वेळी बदलून घ्यावेत.

इंग्रजी गाड्यांच्या एसयू कार्ब्युरेटरने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. त्यात पिस्टन हवेच्या मागणीप्रमाणे वर-खाली होतो, म्हणजे गळाच लहानमोठा होतो आणि वेग जवळपास कायम राहतो. त्यामुळे तिथे एखादं माप जास्त झालं तरी खपून जातं. मॉरिस मायनरच्या १०९८ सीसीला सव्वा इंची एक एसयू होता, त्याच सीसीच्या एमजी मिजेटला तसेच दोन. मिजेटची ताकद जास्त होती, पण तिचा कॅम आणि हेडही वेगळं होतं, हे सांगताना लोक विसरतात. वेबरचा ३२/३६ दोन गळ्यांचा: एक आधी उघडतो, तो बराच उघडल्यावर दुसरा. चांगली वस्तू आहे. पण त्यातला पहिला गळा २६ची आणि दुसरा २७ची बाही घेऊन येतो, आणि फोर्डने तो दोन लिटरच्या कॉर्टिनालाही बसवला होता. आपल्या १०८९ सीसीला तो बसवायचा तर बाकीचं इंजिनही उघडावं लागेल.

परवा एकजण तेही करायला निघाला. हेड पॉलिश, व्हॉल्व्ह मोठे, कॅम बदललेला, रॅलीत गाडी पळवायची आहे. “मग २८?” त्याने विचारलं. सिलिंडर नव्वद टक्के आणि ५८०० आरपीएम धरून हिशेब केला, तेव्हा २६वरच ८९-९०चा वेग येत होता, आणि मी २६ लिहून दिला. गर्दीत तिसऱ्या गिअरला ती कुरकुर करेल, हेही सांगितलं, आणि ते बिलावर लिहून त्याची सही घेतली.