गुराख्याचे गाणे आणि कँटरबरीची वाट

इंग्रजी साहित्याचा प्रारंभ म्हटला की बी.ए.च्या विद्यार्थ्यापुढे नावांची आणि सनावळ्यांची रुक्ष यादी उभी राहते. केडमन, बीड, बेओवुल्फ, चॉसर. परीक्षा संपली की ती विसरलीही जाते. पण यांतल्या बहुतेक नावांना इंग्लंडमध्ये आजही पत्ता आहे. त्या पत्त्यांवर क्रमाने गेले की ध्यानात येते, आज जगभर मान असलेली ही भाषा एके काळी आपल्याच देशात तिसऱ्या पंक्तीला बसत होती. घरात मराठी, अंगणापलीकडे कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा तिहेरी संसारात वाढणाऱ्या आपल्या मुलांनी तरी ही कहाणी ऐकायलाच हवी.

व्हिटबीच्या १९९ पायऱ्या

सुरुवात करावी यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील व्हिटबीपासून. एस्क नदी जिथे उत्तर समुद्राला मिळते, तिथे हे मासेमारीचे जुने गाव वसले आहे. गावातून १९९ दगडी पायऱ्या चढून कड्यावर गेले की सेंट मेरीचे चर्च लागते आणि त्याच्यामागे मठाचे भव्य अवशेष दिसतात. आज उभ्या असलेल्या कमानी बऱ्याच नंतरच्या. मूळ मठ इ.स. ६५७ मध्ये राजघराण्यातील हिल्ड या बाईंनी स्थापन केला. तिथे स्त्रिया आणि पुरुष दोघेही हिल्डच्या आज्ञेत राहत.

या मठाची गुरे राखायला केडमन नावाचा एक माणूस होता. मेजवानीत हार्प हे तंतुवाद्य हातोहात फिरे आणि ज्याच्या हाती येई त्याने गायचे, अशी रीत होती. केडमनला गाता येत नसे. वाद्य जवळ येताना दिसले की तो हळूच उठून निघून जाई. अशाच एका रात्री तो गोठ्यात जाऊन झोपला. स्वप्नात कोणीतरी त्याला नावाने हाक मारून गायला सांगितले आणि त्याने सृष्टीच्या निर्मितीचे गाणे म्हटले. सकाळी कारभाऱ्याने त्याला हिल्डपुढे उभे केले. तिने जाणत्यांकडून त्याची परीक्षा घेतली आणि त्याला मठात ठेवून घेतले. पुढे तो धर्मकथा ऐके आणि गाईने रवंथ करावा तशा त्या घोळवून त्यांचे काव्य करी, असे बीड हा इतिहासकार सांगतो.

हा बीड जॅरोच्या मठातला विद्वान साधू. इ.स. ७३१ मध्ये त्याने आपला इतिहास पुरा केला, तो लॅटिनमध्ये. केडमनच्या गाण्याचा त्याने फक्त भावार्थ दिला आणि काव्य दुसऱ्या भाषेत नेले की त्याची गोडी कमी होते, असेही नमूद केले. मूळ नऊ ओळी हाती लागल्या त्या नकलाकारांमुळे. पोथीची नक्कल करताना कोणीतरी त्या समासात टिपून ठेवल्या. केडमनच्या स्मरणार्थ चर्चच्या आवारात १८९८ साली उभारलेला दगडी क्रूस आहे, तो अवश्य पाहावा.

जळक्या कडांची पोथी

पुढचा मुक्काम लंडनची ब्रिटिश लायब्ररी. इथे 'बेओवुल्फ'ची जगातली एकमेव हस्तलिखित प्रत आहे, सुमारे हजार वर्षांपूर्वीची. ३,१८२ ओळींच्या या वीरकाव्याचा कवी अज्ञात आहे आणि त्याची कथा घडते ती इंग्लंडमध्ये नव्हे, तर डेन्मार्क आणि दक्षिण स्वीडनमध्ये. १७३१ साली ही पोथी जिथे ठेवली होती त्या घराला आग लागली. पोथी वाचली, पण तिच्या कडा होरपळल्या.

सदर्कची धर्मशाळा

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. दरबारात फ्रेंच आली, चर्चमध्ये आणि पंडितांत लॅटिन होतीच. इंग्रजी राहिली सामान्यांच्या तोंडी. १३६२ साली न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत, असा कायदा झाला. मात्र तो कायदा लिहिला गेला फ्रेंचमध्ये! यातली गंमत सीमाभागातल्या वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

अशा काळात जेफ्री चॉसर लंडनमध्ये वाढला. वडील दारूचे व्यापारी, स्वतः १३७४ पासून लंडन बंदरात जकात खात्याचा अधिकारी. फ्रेंच, लॅटिन आणि इटालियन जाणणाऱ्या या माणसाने लिहिले ते इंग्रजीत. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधले तीसेक यात्रेकरू थेम्सच्या दक्षिणेला सदर्कमधल्या 'टॅबर्ड' या धर्मशाळावजा खानावळीत जमतात. सरदार, मठाधिकारीण, गिरणीवाला, पाच लग्ने केलेली बाथची बाई, सगळे एकाच वाटेने निघतात आणि जो तो आपल्या बोलीत गोष्ट सांगतो. वारी पाहिलेल्या माणसाला ही मंडळी परकी वाटणार नाहीत. टॅबर्ड आता नाही, तिच्या जागेची आठवण टॅल्बट यार्ड या बोळात आहे. शेजारची 'जॉर्ज इन' ही सतराव्या शतकातली खानावळ मात्र लाकडी सज्ज्यांसह उभी आहे.

तिथून कँटरबरी सुमारे नव्वद किलोमीटर. आज लंडनहून वेगवान गाडीने तासाभरात पोचता येते. कॅथेड्रलमध्ये ११७० साली थॉमस बेकेट यांची हत्या झाली. त्यांची समाधी १५३८ मध्ये उद्ध्वस्त केली गेली. त्या मोकळ्या जागी आता एक मेणबत्ती तेवत असते.

वेळ असेल तर नॉरिचही गाठावे. सेंट ज्युलियन चर्चला लागून असलेल्या खोलीत एक साध्वी राहत होती. १३७३ साली झालेल्या साक्षात्कारांवर तिने लिहिलेला ग्रंथ हा स्त्रीने इंग्रजीत लिहिलेला, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ मानतात. तिचे खरे नावही कोणाला ठाऊक नाही.

१४०० मध्ये चॉसर वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला, तो कवी म्हणून नव्हे, राजाचा नोकर आणि ॲबीच्या आवारातला भाडेकरू म्हणून. कवी म्हणून त्याची समाधी बांधली गेली १५५६ मध्ये, तब्बल दीडशे वर्षांनी.

आपल्याकडे १२९० मध्येच नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली होती आणि कन्नडचा 'कविराजमार्ग' तर नवव्या शतकातला. मोठेपणाची स्पर्धा नको. पण मुलांना इंग्रजीपुढे दबून जाण्याचेही कारण नाही. केडमनच्या नऊ ओळी कोणीतरी समासात लिहिल्या म्हणून राहिल्या. आपल्या घरातल्या जात्यावरच्या ओव्या आणि कन्नड बीसुकल्लिन पदे अजून कुणा आजीच्या ओठांवर असतील, तर या सुट्टीत नातवंडांनी एक वही घेऊन तिच्यापाशी बसावे.