उष्टी विडी

आमचे आबा रस्त्यानं एकटे कधी चाललेच नाहीत. नायगावच्या बी. डी. डी. चाळीपासून गिरणीचा दरवाजा पंधरा मिनटांवर. आबांना पाऊण तास लागायचा. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून हाक मारायचा. पानवाला उधारी विसरून बसा म्हणायचा. भाजीवाली पोराची तक्रार आबांकडं करायची, जसं काही ते पोर आबांचंच. सातच्या पाळीला आबा सहालाच खोली सोडत. आई म्हणायची, "गिरनीत निघालायसा का सोयरीक जमवाया?"

खोली एकशेसाठ चौरस फूट. त्यात आम्ही सात माणसं, आणि वर गावाकडून आलेलं कुणी ना कुणी. माण तालुक्यात पाऊस हुकला की पोरं बोचकं घेऊन थेट आमच्या दारात. आबा त्यांना जॉबरपुढं नेत, बदलीत नाव घालत, पहाटे दरवाज्यावर त्यांच्याबरोबर उभे राहत. पहिला पगार होईस्तोवर पोरगं आमच्यात जेवायचं आणि गॅलरीत झोपायचं. हे सगळं आईच्या स्टोव्हवर चालायचं. ती सगळ्यात शेवटी जेवायची. कधी जेवायचीच नाही. आबांच्या माणूसवेडाचं कौतुक लिहिताना हे लिहिलं नाही तर लबाडी होईल.

आबा १९४६ साली मुंबईत आले. वय सतरा. सूतखात्यात लागले आणि सूतखात्यातच राहिले. आधी डॉफर. भरलेल्या बॉबिना काढायच्या, रिकाम्या घालायच्या. मग साइडर. शेकडो चात्या गरागरा फिरतायत, त्यातला तुटलेला धागा हेरायचा आणि मशीन न थांबवता चिमटीनं जोडायचा. पाळीभर येरझाऱ्या. सुटले की भुवयांपासून पायापर्यंत पांढरे. धाकटी बहीण 'म्हातारा आला' म्हणून टाळ्या पिटायची. रात्री आबांचा खोकला सुरू झाला की मात्र कुणी हसायचं नाही.

गिरणीत कापूस आत जायचा आणि कापड होऊन बाहेर पडायचं. पण आमच्या माणसाचा हात सुतापर्यंतच. पुढं साचेखातं, म्हणजे विणायचं खातं. तिथं पगार जास्त, आणि तिथंच महाराला मज्जाव. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच नव्हती. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंड लावून, श्वासानं ओढून घ्यायचा. तोच धोटा पुढच्या पाळीचा माणूस तोंडाला लावणार. म्हणजे आमच्या थुंकीनं तो बाटणार! कोटावर लाल बावटा लावणारासुद्धा बाटणार. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी नेमकं हेच दुखणं कामगार पुढाऱ्यांपुढं मांडलं. संपात आमची माणसं हवीत, तर साचेखात्यात का नकोत? पुढं १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू म्हणून सांगितलं. आबांना ते भाषण पाठ नव्हतं. त्यांना धोटा माहीत होता.

आणि आबांचा जिवाभावाचा मैतर साचेवालाच होता. आमच्याच तालुक्यातला मराठा. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. पाळी सुटली की दोघं इराण्याकडं चहा प्यायचे. मग फुटपाथच्या कठड्यावर बसून एक विडी दोघांत. आबा पेटवायचे, दोन झुरके घ्यायचे आणि मामापुढं धरायचे. मामा ओढायचा. शाळेला सुट्टी असली की मी आबांना घ्यायला जायचो, तेव्हा शंभरदा पाहिलंय. गावाला गेलं म्हणजे मात्र हेच आबा मामाच्या वाड्याबाहेर अंगणात बसत. चहा वेगळ्या कपात. मामा तेवढा वेळ जमिनीकडं बघत बसायचा.

१९५६ च्या ७ डिसेंबरला आबांनी मला खांद्यावर घेऊन दादरच्या चौपाटीपर्यंत नेलं. मी तीन वर्षांचा. मला काही आठवत नाही. आई सांगायची, बाप लहान पोरासारखा हंबरडा फोडत परत आला. तिथंच बाबासाहेबांच्या चितेसमोर लाखोंनी दीक्षा घेतली, त्यात आबा होते. घरी येऊन देव्हाऱ्यातले टाक त्यांनी फडक्यात बांधले आणि खाडीत सोडून दिले. देव सोडले, पण मामाची विडी सोडली नाही. वयात आल्यावर मला त्याचाच राग यायचा.

मी एकवीस वर्षांचा झालो तेव्हा पँथरच्या छावणीत होतो. जानेवारी १९७४. वरळीत पेटलेली दंगल नायगावपर्यंत आली. गच्च्यांवरून दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, रॉकेलचे बोळे. मामाच्या चाळीतून आमच्या चाळीवर दगड येत होते. तिसऱ्या दिवशी आबांनी टोपी घातली.

"कुठं निघालात?"

"मैतराकडं जाऊन येतो. बघतो काय करतोय."

माझं डोकं फिरलं. "तुमचा मैतर वर दगड गोळा करतोय! त्याची उष्टी विडी ओढताना लाज नाही वाटत?"

आबा दारात थांबले. म्हणाले, "त्याची उष्टी म्या कवाच वढली न्हाई, बाळा. नीट बघत जा."

आणि गेले. तासाभरानं परत आले. मामा त्यांना चाळीच्या तोंडापर्यंत सोडायला आला होता. वरून आमचीच पोरं त्याला शिव्या घालत होती, मागून त्याची माणसं. तरी आला. त्या दिवशी ती वाट चालायला काय लागत होतं, ते आज कळतं. तेव्हा कळलं नाही. छावणीत बसून मी मित्रांना सांगितलं, आमचा म्हातारा अजून गुलामीत आहे. सगळे हसलो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. साचेखातं बाहेर, सूतखातं बाहेर. भुकेला खाती नसतात. पण सहा महिन्यांत फरक दिसला. मामाला गावी चार एकर होती, कोरडी का होईना. तो गावी गेला. आम्हाला जायला गाव होतं, जमीन नव्हती. आबा एका इमारतीवर रात्रीचे राखणदार झाले. महिन्याभरात ती अख्खी इमारत त्यांना आबा म्हणू लागली. गिरणीनं त्यांना परत घेतलं नाही. छत्तीस वर्षांच्या कामाचा हिशेब मागत ते हेलपाटे घालत राहिले. तिथंही शिपायाच्या पोराचं लग्न जमवून आले.

१९८९ ला आबा गेले. छातीत कापूस घेऊनच गेले.

तिसऱ्या दिवशी मामा गावाहून आला. गॅलरीत भिंतीला टेकून बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग आपणहून सांगू लागला.

"बावन्न सालची गोष्ट हाय. रातपाळीला तुझा बाप जेवनाच्या सुट्टीत माझ्या साच्यावर यायचा. म्या त्याला शिकवत व्हतो. दोन म्हैन्यात तयार झाला. त्येचा हात माझ्यापरास चांगला. एका राती माझ्या शेजारचा साचेवाला आला न्हाई. तुझा बाप ऱ्हायला हुबा. कांडी घातली, धोटा तोंडाला लावला आन् धागा वढला. त्ये कुनीतरी बघितलं. खात्यातले साचे पटापट बंद झाले. जॉबर धावत आला. म्हनला, ह्याला हितं कुनी आनला?"

मामा थांबला.

"म्या मान खाली घातली. तुझा बापच म्हनला, कुनी न्हाई, म्या आपला बघाया आलतो. त्यो धोटा त्यांनी भट्टीत टाकला. तुझ्या बापाला आठ दिस घरी बसवलं. नवव्या दिशी म्या दरवाज्यावर गाठ घेतली. वाटलं, थोबाडीत मारंल. त्येनं विडी पेटवली. दोन झुरकं घेतलं आन् माझ्याम्होरं धरली. बोलला कायबी न्हाई. नुसती धरली. त्यो मला इचारत व्हता. म्या वढली. तवापासनं संपापातुर रोज इचारलं त्येनं. रोज वढली म्या."

नीट बघत जा, असं आबा दारात म्हणाले होते. पंधरा वर्षं मी बघितलं नव्हतं.

मित्रांनो, विडीनं क्रांती होते असं मी सांगत नाही. त्या विडीनं साचेखातं उघडलं नाही. मामाच्या वाड्याचं दार उघडलं नाही. धोटा भट्टीत गेला तेव्हा ज्यानं बोलायला हवं होतं तो बोलला नाही, आणि त्याची किंमत आमच्या आईनं आठ दिवस पाणी पिऊन भरली. आम्ही पँथरमध्ये जे केलं ते करायलाच हवं होतं. आजही करायला हवं. पण मी आबांच्या गोतावळ्याला लाचारी समजलो, ते चुकलो. सगळ्यांच्यात बसणारा माणूस सगळं विसरलेला असतो, असं नाही. तुमच्याही घरात असा एखादा बाप असेल. त्याला गुलाम म्हणण्याआधी त्याच्याजवळ बसा. कधी काय झालं ते विचारा. तो गेल्यावर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची पाळी येऊ देऊ नका.

आता मामाही नाही. गिरणीच्या जागी काचेची उंच इमारत आहे. तिच्या दरवाज्यावर आमच्यातलीच पोरं निळा शर्ट घालून पहारा देतात.

त्या दिवशी सगळं सांगून झाल्यावर मामानं खिशातून विड्यांचं बंडल काढलं. एक विडी काढली आणि तशीच हातात धरून बसला. मग माझ्याकडं दिली. म्हणाला, "तू पेटीव."

मी विडी ओढत नाही. पण पेटवली. दोन झुरके घेतले, ठसका लागला, आणि त्याच्यापुढं धरली.

मामानं ओढली.