धानाच्या गावातली अडगळ

गोंदिया म्हणजे विदर्भ एक्सप्रेसचे शेवटचे स्टेशन, एवढीच आम्हां मुंबईकरांची माहिती. उतरावे तो कानांवर हिंदी. तांदळाच्या गिरण्यांचे हे गाव १९९९ च्या १ मेला भंडाऱ्यापासून वेगळे होऊन जिल्ह्याचे ठिकाण झाले.

दिवाळी तोंडावर होती. घरोघरी माळे उपसणे चालले होते. आमच्या वहिनींच्या माळ्यावरून समई किंवा बंब निघाला असेल, असे तुम्हांला वाटेल. छे! निघाला एक पेटीएवढा जुना टेलिव्हिजन, दोन मुके मोबाइल आणि वायरींचा गुंता. पूर्वी जुन्या लुगड्यावर बोहारीण पातेले देई. आता कबाडी टेलिव्हिजन तराजूवर घालतो.

"भावजी, मुंबईला याचं काय करता हो तुम्ही?" वहिनींनी विचारले.

"कबाड्यालाच देतो की!" मी म्हणालो.

पुढे काय होते ते पाहावे म्हणून मी त्याच्याबरोबर वखारीवर गेलो. पोऱ्याने पाठ उघडली, नळीच्या मानेवरची तांब्याची गुंडाळी कापली, हिरवी पाटी निराळी काढली. तांबे खपते, लोखंड खपते, प्लॅस्टिकही खपते. काचेची नळी मात्र कोणी घेत नाही. आतले क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून त्या काचेत शिसे घातलेले असते; मोठ्या नळीत ते किलोच्या हिशेबात भरते. फुटली की ते पाण्याबरोबर झिरपू शकते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला वाईट.

वखारीमागे बोडी होती. काठावर काचांचा खच, पलीकडे धानाच्या बांध्या. हा तलावांचा जिल्हा. महाराष्ट्रात उरलेसुरले सारस अशाच बांध्यांतून घरटी करतात!

कायदा नाही असे नाही. २०१२ च्या १ मेपासून असला माल गोळा करून मार्गी लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. २०२३ पासून नवे नियम लागू झाले. कबाड्याला हे सांगितले तेव्हा तो हसला.

"भाईसाब, कंपनी का आदमी यहाँ आये तो मैं मुफ्त में दे दूँ. नागपूर तक का भाड़ा कौन देगा?"

या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पोऱ्याला नळी न फोडण्याविषयी विनविले. त्याने ती भिंतीशी नेऊन उभी केली. तेथे आधीच नऊ उभ्या होत्या.

घरी येऊन सारे सांगितले, तेव्हा वहिनींनी मोबाइल पुन्हा कपाटात ठेवले. "पुढच्या खेपेला तुम्हीच न्या मुंबईला," त्या म्हणाल्या.