आधी रेघा, मग गोष्ट

आमच्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. समर्थांचा जन्म 1608 सालचा. तीर्थपुरीहून तिकडे दर्शनाला जाणारे पुष्कळ, पण त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास मन लावून वाचलेले मला फारसे भेटत नाहीत. त्यात निव्वळ लिहिण्याच्या क्रियेबद्दल सांगितलं आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. पानावर आधी रेघा आखाव्यात आणि दोन ओळींमधलं अंतर कुठे कमी, कुठे जास्त होऊ देऊ नये. एका ओळीची मात्रा दुसऱ्या ओळीत शिरू नये. चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहील. फार बारीकही लिहू नये, म्हातारपणी ते वाचवत नाही. गोष्ट टाइप करण्याची टेंप्लेट कशासाठी बनवायची हे मी या समासातून शिकलो.

माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर शपथपत्रं, अर्ज, बँकेची कागदपत्रं. संध्याकाळी कॉलेजची पोरं-पोरी येतात, आणि त्यांतल्या काहींच्या मोबाइलमध्ये गोष्टी असतात. कुणी मालिकेतल्या जोडप्याची ताटातूट मोडून टाकलेली असते, कुणी हॅरी पॉटरला मराठवाड्यात आणलेलं असतं. एकाने फास्टर फेणेचं नवं साहस लिहिलंय. हा फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश, यंदा उसाच्या हंगामात आमच्याकडे आलाय आणि रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेत चोर पकडतोय. वाचून मी खूश झालो. भा. रा. भागवतांचं हे पोरगं इतक्या वर्षांनी गोदाकाठच्या एका मुलाला आपलं वाटतं, यापेक्षा लेखकाला आणखी काय हवं!

पण ती गोष्ट माझ्याकडे आली तेव्हा वाचण्याजोगी नव्हती. बोलून टाइप केलेला सगळा मजकूर सलग एका परिच्छेदात. व्हॉट्सॲपवरून आल्यामुळे ठळक शब्दांभोवती चांदण्या चिकटलेल्या. प्रसंग बदलला की चार-पाच वेळा एंटर मारलेलं. शपथपत्राचा फॉरमॅट तयार असतो म्हणून ते दहा मिनिटांत होतं. गोष्टीलाही असा फॉरमॅट असावा म्हणून मी वर्डमध्ये टेंप्लेट करून ठेवली आहे. ऊस लावण्याआधी शेतात सऱ्या पाडतात, तसंच हे काम. सरी नीट पडली की बेणं आपोआप रांगेत बसतं.

लग्नपत्रिकेत जे डोळ्यांना दिसतं तेच कागदावर उतरतं. फॉन्ट, रंग, वेलबुट्टी, सगळं. ऑनलाइन गोष्टीचं तसं नाही. तुम्ही निवडलेला फॉन्ट, टॅब देऊन आत ढकललेली पहिली ओळ, यांतलं बहुतेक पेस्ट करताना गळून पडतं. टिकते ती रचना. म्हणून माझ्या टेंप्लेटमध्ये सजावट जवळजवळ नाहीच. प्रकरणाचं नाव, कथेचा मजकूर, पत्र किंवा डायरीतला उतारा आणि दृश्य बदलल्याची खूण, प्रत्येकाला वेगळी स्टाइल दिली आहे. रिकाम्या ओळीने दृश्य तोडायला मी पोरांना सक्त मनाई करतो. एखादी साइट रिकाम्या ओळी गिळते, दुसरी दुप्पट करते. मग बनेश कारखान्याच्या गेटवर बोलत असतो आणि पुढच्याच वाक्यात पुण्याला आपल्या शाळेत, विद्याभवनात पोचतो, वाचकाला मध्ये दमही खाता येत नाही. मध्यभागी तीन फुल्या टाकल्या की प्रश्न मिटतो.

मनातले विचार तिरप्या अक्षरांत देण्याची पद्धत इंग्रजी गोष्टींमधून पोरांनी उचलली आहे. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना खरी तिरपी अक्षरं नसतातच. यंत्र सरळ अक्षरालाच ढकलून तिरकं करतं, आणि लहान स्क्रीनवर त्या ओळी वाचताना डोळे शिणतात. मी विचार एकेरी अवतरणात ठेवतो. दोन्ही कडा सारख्या करण्याचा मोहही टाळायला सांगतो. मोबाइलच्या अरुंद स्क्रीनवर मराठीचे लांब शब्द तुटत नाहीत, त्यामुळे शब्दांमध्ये खिंडारं पडतात. डावी कड सरळ असली की पुरे.

आता फेणेचा ‘ट्टॉक’ हा प्रसिद्ध उद्गार घ्या. पुष्कळ फॉन्टमध्ये ट खाली ट असं जोडाक्षर बसतं, वर कान्यावरचा अर्धचंद्र. म्हणजे अक्षर खालीही वाढलं आणि वरही. वर्डमध्ये ओळींचं अंतर ठरावीक आकड्यावर बांधलं असेल तर या अक्षराचा वरचा किंवा खालचा भाग चक्क कापला जातो. मात्रेबद्दल समर्थांनी बोरूने लिहिणाऱ्याला जे बजावलं, तेच इथे लागू पडतं. मी अंतर बांधून ठेवत नाही, दीडपट सोडतो. साइटवर ओळींचं अंतर साइट ठरवते हे खरं, पण प्रूफ वाचायचं असतं ते माझ्या स्क्रीनवर, आणि कापलेल्या अक्षरातली चूक कुणालाच दिसत नाही.

दुसरा घोळ अर्ध्या र चा. ‘दऱ्या’ लिहायला काही कीबोर्ड साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. पेस्ट करताना कुठे ते चिन्ह गळालं की दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, डोंगरातली माणसं एकदम समुद्रावर! युनिकोडमध्ये मराठीच्या या र साठी खाली टिंब असलेला वेगळा ऱ आहे. तो वापरला की जोडचिन्हाची गरजच उरत नाही. टेंप्लेटमध्ये मी एक मॅक्रो ठेवला आहे, तो आधी हे सगळे र बदलून घेतो. ‘ॲ’चंही तसंच. एकाच अक्षराचा ‘ॲ’ आणि अ वर चंद्र देऊन केलेला ‘अॅ’ दिसायला सारखे, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. पात्राचं नाव ‘ॲना’ असेल तर वाचकाला तुमची गोष्टच सापडणार नाही.

गोष्ट कुठे टाकायची हे ज्याचं त्याने ठरवावं. पुष्कळ जण प्रतिलिपी या साइटवर टाकतात. अशा गोष्टींसाठीच, म्हणजे फॅन फिक्शनसाठी, उभं राहिलेलं ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ 2009 पासून चालू आहे, ते वाचकांनी आणि लेखकांनीच चालवलंय, आणि 2019 साली त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तिथे भाषांच्या यादीत मराठी आहे. मूळ कलाकृती, पात्रं, इशारे, सारांश असे रकाने भरावे लागतात, आणि सारांशाला 1250 अक्षरांची मर्यादा आहे. म्हणून माझ्या टेंप्लेटचं पहिलं पान याच रकान्यांचं आहे. गोष्ट सुरू करण्याआधीच पोरं ते भरतात. सारांश आधी लिहिला की गोष्ट कशाबद्दल आहे हे लिहिणाऱ्यालाही कळतं, असा माझा अनुभव आहे.

त्या पानावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ मूळ लेखकाच्या नावाची. आमच्यापासून गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण. तिथे एकनाथांनी शके 1506, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि शेवटी बजावलं की या ग्रंथात कुणी आपली ओवी घालू नये. नवं लिहू नका, असा याचा अर्थ मी घेत नाही. नाथांनी स्वतः भागवतावर, रामायणावर किती लिहिलं! मूळ कुठलं आणि आपलं कुठलं, हे वाचणाऱ्याला स्वच्छ दिसलं पाहिजे, एवढंच मी त्यातून घेतो. शिवाय हक्काचाही प्रश्न आहे. कर्ण व्यासांचा, तो सगळ्यांचा झाला. शिवाजी सावंतांची त्याच्यावरची ‘मृत्युंजय’ 1967 साली आली तेव्हा कुणाची परवानगी लागली नाही. बनेशचं तसं नाही. भागवत 2001 साली गेले, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे 2061 अखेरपर्यंत. ‘पात्रं भा. रा. भागवतांची, गोष्ट माझी, विक्रीसाठी नाही’ ही ओळ लिहिल्याने कायद्याचं कवच मिळत नाही. पण ती नसेल तर माझ्या दुकानातून गोष्ट बाहेर जात नाही.

तुमच्या मोबाइलमध्ये अशी एखादी गोष्ट पडून असेल तर पोस्ट करण्याआधी दोन कामं करा. वर मूळ लेखकाचं नाव लिहा, आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर गोष्ट उघडून चष्मा लागलेल्या माणसाला वाचायला द्या. तो कुठे अडखळतो ते बघा आणि तिथे दुरुस्त करा. टेंप्लेट हवी असेल तर पेनड्राइव्ह घेऊन या, तिचे पैसे मी घेत नाही.