आरोग्याचा पाया

मनुष्याची प्रकृति चाळिशीनंतरच्या आहारविहारानें बिघडते, असा सर्वसाधारण समज आहे. मधुमेह जडला कीं आपण जिभेला दोष देऊन मोकळे होतों. परंतु या व्याधीचें मूळ पुष्कळदां जन्मापूर्वींच रुजलेलें असतें.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं जवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचें वजन सरासरी २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें सुमारें साडेतीन किलो. नवल पुढेंच आहे. आपलीं बालकें हाडामांसानें पुष्कळ लहान, पण त्वचेखालील चरबी त्या मानानें फारशी कमी नाहीं. दिसण्यांत कृश, घडणींत मेदस्वी! अशा देहाला पुढें सुबत्ता लाभली कीं मधुमेहाचा धोका वाढतो. पालेभाज्या, फळें व दूध अधिक घेणाऱ्या मातांचीं मुलें मात्र थोराड निपजलीं. निम्म्याहून अधिक मातांच्या रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व अपुरें आढळलें. शाकाहारी घरांत तें मुख्यतः दूधदह्यांतूनच मिळावयाचें.

सुश्रुतानें गर्भाची उपपत्ति ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज अशी शेतीच्याच भाषेंत सांगितली आहे. आमच्या माजिवड्यास आज उत्तुंग इमारती उभ्या आहेत. तरी राबांतलें रोप अशक्त निघालें तर आवणीनंतरचें खत त्याची उणीव पुरती भरून काढीत नाहीं, हें ठाण्याकडील जुन्या माणसांस सांगावयास नको.

आणि एकत्र कुटुंबांत चाल काय? आधीं पुरुष, मग मुलें, मग सासवा, शेवटीं सून. तोंवर दह्याचें भांडें रिकामें. त्यांत 'फार खाऊं नको, बाळ मोठें होऊन अडेल' हा मायेचा उपदेश! सध्यां आमची नातसून गरोदर आहे. तिनें पहिल्या पंगतीस बसावें, दूधदहीं तिच्यासाठीं आधीं काढून ठेवावें आणि ब-१२ विषयीं डॉक्टरांस विचारावें, असें आम्हीं ठरविलें. आमच्या कुटुंबास तें रुचलें नाहीं. "मला काय मुलें झालीं नाहींत?" झालीं खरीं, पण पांचांपैकीं तिघांस पन्नाशीच्या आंत मधुमेहाचीं औषधें सुरू झालीं. त्याचें हेंच एक कारण, असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि हें ऐकून त्या क्षणभर थांबल्या, आणि दुसऱ्या दिवशीं नातसुनेचें पान त्यांनींच मांडलें.

वाचकांनीं आपापल्या घरांतील पंगतीचा क्रम एकवार तपासून पाहावा. यास द्रव्य लागत नाहीं. आणि नातवंडांस देण्याजोगी याहून मोठी ठेव आम्हांस तरी ठाऊक नाहीं.