चिठ्ठीचं पान

आजीच्या पोथीत एका पानाच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं होतं. पोथी एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'ची. मुलीचं लग्न लांबलं की तिच्या हाती ही पोथी द्यायची, ही देगलूरला आमच्या घरची रीत. आईनं वाचली, मावशीनं वाचली, बाविसाव्या वर्षी माझ्यापुढे आली. न्हाऊन, समईपुढे बसून रोज एक प्रसंग. अठरा प्रसंग, अठरा दिवस.

मला तेव्हा नांदेडला जाऊन शिकायचं होतं. जीव लागत नव्हता. आजी ऐकायला बसायची आणि मधेच म्हणायची, "चिठ्ठीचं वाच गं माय." हळदीचं बोट त्याच पानावर होतं. भाऊ शिशुपालाशी लग्न ठरवतो, आणि ही पोर कृष्णाला स्वतः पत्र धाडते. मूळ भागवतात ते सात श्लोकांचं आहे. नुसती विनवणी नाही त्यात. लग्नाच्या आदल्या दिवशी मी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला येईन, तिथून मला ने, हा बेतही तिचाच.

शेजारच्या तेलुगू अक्का ओसरीवर येऊन टेकायच्या. त्यांच्याकडे लग्नाच्या मुली पोतनाच्या भागवतातलं रुक्मिणीकल्याण वाचतात. सीमेच्या गावात दोन भाषांतल्या मुली एकाच रुक्मिणीच्या भरवशावर होत्या.

मी नांदेडला गेलेच. मराठी घेतलं, आणि रुक्मिणी पुन्हा भेटत राहिली, दर वेळी वेगळी. महदाइसेनं गोविंदप्रभूंसाठी 'धवळे' रचले, त्यात ती लग्नघरातली नवरी आहे. मराठीतल्या आद्य कवयित्रीला पहिल्यांदा गावीशी वाटली ती हीच. नरेंद्राच्या काव्यात ती विरहानं पोळलेली राजकन्या. एकनाथांनी 1571 साली काशीत ग्रंथ पुरा केला, तेव्हा ती परमात्म्याच्या ओढीनं निघालेला जीव झाली. 1916 साली खाडिलकरांच्या 'संगीत स्वयंवर'मध्ये ती रंगभूमीवर आली, बालगंधर्वांच्या गळ्यातून गाऊ लागली.

पंढरीची रखुमाई या सगळ्यांहून निराळी. ती रुसून दिंडीरवनात आली म्हणतात. विठ्ठलाच्या शेजारी ती उभी नाही, देऊळही वेगळं. देगलूर हे कीर्तनकार धुंडामहाराजांचं गाव, कीर्तनात ही रुसव्याची कथा लहानपणापासून ऐकलेली. पण जात्यावर बसणाऱ्या बायकांनी ती आपलीशी केली. नवरी, विरहिणी, जीव या रूपांपलीकडे त्यांना संसारात मान दुखावलेली बाई दिसली, कारण ते दुखणं त्यांच्या ओळखीचं होतं.

प्रत्येक काळानं तिला आपल्याला हवं ते नेसवलं. चिठ्ठी मात्र गाळण्यासारखी नाही. ती गाळली तर रुक्मिणीच उरत नाही.

आजी गेली त्या वर्षी पोथी माझ्याकडे आली. लाल फडकं सोडलं, पान काढलं आणि आईला विचारलं, हे हळदीचं बोट पूजेत लागलं का? आई म्हणाली, "नाही गं. तिला वाचता कुठं येत होतं? पान सापडावं म्हणून तिनंच लावलेलं."

आजीचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. त्या खुणेवर मी माझं बोट ठेवलं. ते तिच्या बोटाहून मोठं होतं.